चल बटाटा, वालधुनीला!

ऑक्टोबर हीट सुरू झाली की ऑफिसातली पब्लिक दोन गटांत विभागली जाते. एक गट एसीचं टेम्परेचर अठरावर आणतो, दुसरा शाल पांघरून बसतो. आमच्या घरी मात्र एकच गट आहे आणि तो फरशीवर पोट टेकून, चारी पाय पसरून, जीभ बाहेर काढून पडलेला असतो. त्याचं, सॉरी, तिचं नाव बटाटा.

कुत्रं पाळणाऱ्या नोकरदार माणसाची गोची बाकीच्यांना कळत नाही. पावसाळाभर त्या जिवाला फक्त सोसायटीचं पार्किंग बघायला मिळतं. दसरा येतो, पाऊस परत जातो, आकाश निळंशार होतं आणि आपल्याला वाटतं, चला, आता एखादा रविवार याला जरा मोकळं फिरवून आणू. पण नेणार कुठे? ठाणेकरांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते येऊरचं. पण येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथे पाळीव प्राणी नेता येत नाहीत. हे बरंच आहे, कारण तिथल्या बिबट्यांच्या जेवणात कुत्र्यांचा वाटा चांगला मोठा आहे! ठाण्याच्या खाडीकडे जावं तर २०१५ पासून ते फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे. बदलापूरचं कोंडेश्वर सुंदर आहे, पण तिथल्या डोहांनी इतके जीव घेतलेत की पाण्यात उडी मारणं हाच ज्याचा जीवनहेतू आहे असा लॅब्रॅडॉर तिथे न्यायला छाती होत नाही.

माझी एक कलीग दोन वर्षं अमेरिकेत ॲरिझोनात होती. तिथे म्हणे शरद ऋतू आला की लोक कुत्र्यांना घेऊन वाळवंटातल्या ओढ्याकाठी चालायला जातात. उन्हाळ्यात तिथले खडक तव्यासारखे तापतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच त्यांचा सीझन. ओढ्याच्या काठची झाडं पिवळीधमक झालेली, बाजूला लाल कडे, मध्ये पातळ पाण्याची धार आणि त्यात पाय बुडवून उभी कुत्री. तिने फोटो दाखवले आणि लंच टेबलवर शांतता पसरली. मग कुणीतरी म्हणालं, ‘आपल्याकडे कुठलं आलंय वाळवंट!’

वाळवंट नाही कसं? कल्याण-शीळ रोडवर कधी दुपारी बाईक चालवली आहेत का? धुळीच्या बाबतीत आपण कुणाला हार जाणार नाही. आणि ओढाही आहे. फक्त त्याच्याकडे आपण नाक दाबूनच बघतो, म्हणून तो नाला वाटतो. वालधुनी!

कल्याणकरांना वालधुनी म्हणजे एक पूल, एक वस्ती आणि २६ जुलै २००५ चा महापूर आठवतो. उल्हासनगरवाल्यांना वास आठवतो. पण ही नदी उगम पावते अंबरनाथच्या दक्षिणेला, काकोळे गावाच्या डोंगराकडे. मलंगगडापासून तावलीपर्यंत जी डोंगररांग डोंबिवलीच्या टेरेसवरून निळसर दिसते ना, तिच्याच कुशीत. तिथून ती अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण करत उल्हास नदीच्या खाडीला मिळते. म्हणजे पूर्ण आयुष्य आपल्याच सेंट्रल लाइनच्या पट्ट्यात काढणारी पक्की लोकल नदी. वरच्या टोकाला ती कशी असेल, हे बघायचं ठरलं. काकोळ्यापासून खाली अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत, नदी सोडायची नाही, जमेल तेवढं काठाकाठाने चालायचं.

टीम अशी. मी आणि बटाटा. बँकेतला एक मित्र आणि त्याचा आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर सुलतान, जो वजनाने माझ्या निम्मा आहे आणि ज्याचा मागचा डावा पाय थंडीत कुरकुरतो. ॲरिझोनावाली कलीग आणि तिचा पग, चिंटू. पगवरून आठवलं, २००३ साली टीव्हीवर ‘हच’ची ती जाहिरात आली आणि मुलाच्या मागे-मागे चालणारा तो चपट्या नाकाचा जीव बघून अर्ध्या महाराष्ट्राला पग हवासा झाला. जाहिरातीत तो दिवसभर चालतो. खऱ्या आयुष्यात त्याला आपल्या हवेत धड श्वासही घेता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांना थोडा, बाकी सगळी उष्णता तोंडाने धापा टाकून बाहेर काढायची. नाक आणि घसाच आखूड असेल तर हे इंजिन थंड होणार कसं? म्हणून चिंटूसाठी बाळं बांधायची ती कॅरी बॅग घेतली होती, आणि अट होती की सव्वानऊनंतर तो पायी चालणार नाही. तो या अटीवर खूश होता.

बटाटाची गोष्ट जरा वेगळी आहे. ती २०२० च्या पावसाळ्यात डोंबिवली एमआयडीसीत एका टपरीमागे सापडली. दीड-दोन महिन्यांची असेल. पोटावरचे केस गेलेले, कातडी लालेलाल, चारही पंजे सोललेले. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, ‘कसल्या पाण्यात बसली होती ही?’ ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. त्या भागातल्या गटारात तेव्हा कुठल्या दिवशी कुठला रंग वाहील याचा नेम नव्हता. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला होता, हे तुम्ही पेपरात वाचलं असेलच. तीन महिने मलम, बेबी पावडर आणि सुती मोजे. केस आले, पंजे बरे झाले. एक सवय मात्र राहिली. साचलेलं पाणी दिसलं की बटाटा आधी थांबते, मान लांब करून हुंगते आणि मगच पाय टाकते. सुलतानसारखं आधी उडी, मग विचार, असं तिचं नाही.

सकाळी सहाला निघालो. उजाडल्यावर चालायला सुरुवात करायची हे आधीच ठरलेलं, कारण या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर एक बिबट्या थेट कल्याण पूर्वेतल्या एका इमारतीत शिरला होता! त्यामुळे पहाटेचा काळोख आणि संध्याकाळची तिन्हीसांज आपली नाही. गाडीत मागच्या सीटवर जुनी चादर, सहा लिटर पाणी, एक स्टीलचं पातेलं, डब्यात दहीभात, चिमटा, फर्स्ट एड. माणसांसाठी अंबरनाथला वडापाव घेतले. माणसांचं काय, ती कुठेही जगतात.

काकोळ्याला पोचलो आणि पहिला धक्का बसला. शांतता. काटई-कर्जत रस्त्यावरचा ट्रकांचा गोंगाट पाच-दहा मिनिटांत मागे पडतो आणि समोर भाताची सोनेरी खाचरं, त्यामागे डोंगर आणि मध्ये जीआयपीचं तळं. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आणली ती याच कंपनीने. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणला पोचली. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याची तहान, म्हणून इंग्रजांच्या काळात रेल्वेने इथे बंधारा घालून पाणी अडवलं. इंजिनं गेली, पाणी रेल्वेचंच राहिलं. आता अंबरनाथचा रेल नीरचा प्रकल्प त्यावर चालतो. म्हणजे डोंबिवली स्टेशनवर घामाघूम होऊन तुम्ही जी बाटली विकत घेता, तिच्यातलं पाणी आणि वालधुनी हे सख्खे शेजारी. एकाच डोंगराचं पाणी. एक बाटलीत गेलं, दुसरं नशिबात असेल तिथे.

तळ्यात अर्थातच कुत्र्यांना उतरू दिलं नाही. ते पिण्याचं पाणी आहे आणि रेल्वेची हद्द आहे. सुलतानने यावर बराच वेळ निषेध नोंदवला. आम्ही खालच्या अंगाला, गावाच्या पायवाटेने, प्रवाहाच्या बाजूने निघालो.

आणि खरं सांगते, पहिला दीड तास निव्वळ सुख होतं. पाणी घोट्याएवढं. तळाचे गोल दगड दिसत होते. काठाला तेरड्याची शेवटची गुलाबी फुलं, कुर्डूचे तुरे, हवेत चतुरांचे थवेच्या थवे. एका वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता, त्याने आमच्या तिन्ही कुत्र्यांकडे एकेक नजर टाकली आणि निळा चमकारा मारून गेला. बटाटा पाण्याशी आली. थांबली. हुंगलं. आणि सरळ चारी पाय टाकून, डोळे मिटून, लपालपा पाणी प्यायली. घरी फिल्टरचं पाणीसुद्धा भांडं तीनदा हुंगून पिणारी ही बाई! ॲरिझोनावालीने तेवढ्यात फोटो काढला. मागे लाल कडे नव्हते, मलंगगड होता. काही बिघडलं नाही.

(डॉक्टर मंडळी वाचत असतील तर, हो, तिघांचीही लेप्टोची आणि रेबीजची लस झालेली होती. साध्या दिसणाऱ्या वाहत्या पाण्यातही गुराढोरांचं, उंदराघुशींचं मूत मिसळलेलं असू शकतं. त्यामुळे लस नसेल तर ओढा दुरूनच बघायचा आणि पाणी घरचंच पाजायचं.)

ऑक्टोबरमध्ये कुत्र्याचा खरा वैरी बिबट्या नव्हे, कुसळ! पाऊस संपला की गवत वाळतं आणि त्याच्या टोकदार कुसळांना दुसऱ्याच्या अंगावर बसून गावोगाव फिरायचं असतं. आपल्या पँटला चिकटली की आपण काढून टाकतो. कुत्र्याच्या कानात किंवा बोटांमधल्या बेचक्यात शिरली की ती पुढेच सरकत जातात, मागे येत नाहीत. आत पू होतो, कधी चिरून काढावी लागतात. म्हणून दर अर्ध्या तासाने थांबून पंजे उलटून बघायचे, कानात डोकवायचं. सुलतान या तपासणीत आडवा पडून पोट वर करतो, त्याला वाटतं मसाज सेंटर आहे. दुसरी वैरीण गोचीड. ती हाताने ओढून काढायची नाही, डोकं आत राहतं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर उचलायची. आणि तिसरी घोणस. भातकापणीच्या दिवसांत खाचरांच्या बांधावर उंदीर असतात, म्हणजे सापही असतात. त्यामुळे बेल्ट सोडायचा नाही, कितीही मोह झाला तरी. शिवाय कापणीला आलेल्या भातात आपलं लाडकं कुत्रं नाचलं तर नुकसान शेतकऱ्याचं होतं, आपलं नाही.

बांधावर एक मावशी विळा घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पायाशी अगदी बटाटाच्या रंगाचा कुत्रा. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बेल्ट सैल ठेवून आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. गावच्या कुत्र्यासमोर बेल्ट ताणला की आपल्या कुत्र्याला वाटतं लढाई आहे.

‘शहरातनं आणलीत काय फिरवायला?’ मावशींनी विचारलं.

‘हो मावशी, डोंबिवलीहून.’

‘ही तर आमच्याच गावची दिसतेय.’

‘गावठीच आहे.’

‘मग बरं आहे. ती टिकतात. ते जाडं, त्याला लांब नेऊ नका. ऊन लागंल.’ मग त्यांनी कॅरी बॅगेतून बाहेर डोकावणाऱ्या चिंटूकडे बघितलं आणि फार वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘आणि त्याला काय झालंय?’

पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, इथं गुरं पितात, आम्ही कपडे धुतो. हायवेच्या पलीकडे नाही. पलीकडचं पाणी गुरंसुद्धा पीत नाहीत.

नऊ वाजता ऊन चढलं. ऑक्टोबरचं ऊन एप्रिलपेक्षा फसवं असतं. डोक्यावर निळं आकाश, डोळ्यांना हिरवं, त्यामुळे छान वाटत राहतं. पण हवेत दमट वाफ असते, आणि धापा टाकून थंड होणाऱ्या प्राण्याला दमट हवेत ते जमत नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच आपल्यापेक्षा जास्त, साधारण अडतीस ते एकोणचाळीस डिग्री सेल्सियस. एक्केचाळीसच्या वर गेलं की जिवावर बेततं. जीभ नेहमीपेक्षा जास्त लांब आणि रुंद लोंबायला लागली, हिरड्या गडद लाल दिसल्या, लाळ चिकट झाली, चाल अडखळली, तर तिथेच थांबायचं. सावली, पोटावर आणि जांघेत साधं पाणी, हवा घालायची, शुद्धीत असेल तरच थोडंथोडं पाणी पाजायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा. आम्ही सुलतानला साडेनऊला एका आंब्याखाली वीस मिनिटं बसवलं, दहीभात चारला, अंग ओलं केलं. कडेच्या डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघितली. पाच सेकंदही ठेवता येईना. म्हणजे तो रस्ता पंजांसाठी बंद.

काटई-कर्जत रस्ता ओलांडताना तिघांनाही उचलून नेलं. (सुलतानला उचलणं हा एक वेगळा लेख होईल.) पलीकडे अंबरनाथची औद्योगिक वसाहत सुरू होते. नदी पुलाखालून तीच येते. पण आता काठाला प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकायला लागल्या होत्या, आणि एका बाजूने एक नाला येऊन मिळत होता. डोळ्यांना फार काही वाटलं नाही. पाणी किंचित करडं, वर थोडा फेस. मला तर वासही फारसा आला नाही.

बटाटा थांबली.

मान लांब केली, हुंगलं. एक पाऊल मागे. पुन्हा हुंगलं. मग कान मागे पाडून, शेपटी आत घेऊन ती माझ्या पायांमागे येऊन बसली आणि थरथरायला लागली. सकाळी याच नदीचं पाणी डोळे मिटून प्यायलेली मुलगी. अंतर किती? तुमच्या-आमच्या चालीने तासाभराचंही नसेल. तेवढ्यात सुलतान नेहमीप्रमाणे उडी मारायच्या बेतात होता. मित्राने बेल्टला दोन्ही हातांनी लटकून त्याला अडवलं. दोघांत जेमतेम फुटभर अंतर उरलं होतं, पाणी आणि पंजात.

मी तिथे उकिडवी बसून तिच्या पोटावर हात ठेवला. २०२० मध्ये जिथे कातडी सोलली होती तिथे आजही केस विरळ आहेत.

वालधुनीचं काय झालं ते गुपित नाही. कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी, जीन्स धुण्या-रंगवण्याचे उद्योग. नोव्हेंबर २०१४ मध्ये या नदीत कुणीतरी विषारी रसायन ओतलं आणि त्या वायूने उल्हासनगरातले शेकडो लोक हॉस्पिटलात पोचले. उल्हास आणि वालधुनीसाठी ‘वनशक्ती’ संस्था हरित लवादात गेली आणि २०१५ मध्ये लवादाने कोट्यवधींचा दंड सुनावला. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. या सगळ्यात मला नेहमी आठवतो तो ऑगस्ट २०१७. तळोज्याच्या एमआयडीसीत, कासाडी नदीच्या परिसरात, रस्त्यावर निळी कुत्री फिरताना दिसली होती. निळी म्हणजे अक्षरशः निळी, रंगपंचमीसारखी. अन्न शोधत ती रंगाच्या कारखान्याच्या आवारात आणि पाण्यात गेली होती. ते फोटो जगभर गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कंपनीला टाळं लावलं. माणसांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या त्याची बातमी आतल्या पानावर येते. कुत्रं निळं झालं तेव्हा पहिल्या पानावर आली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. कुणाच्या का अंगावर होईना, दिसलं तर खरं.

तिथून पुढे आम्ही नदीकाठ सोडला. चिंटू बॅगेत, सुलतान आणि बटाटा रिक्षात! हो, रिक्षात. पहिल्या दोन दादांनी नकार दिला, तिसऱ्याने विचारलं, ‘चावत नाय ना?’ आणि सुलतानने त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उत्तर दिलं. दादा म्हणाले, आमच्याकडे पण होता एक, आणि शिवमंदिरापर्यंत त्या होत्याच्या गोष्टी सांगत राहिले. मीटरवर दहा रुपये जास्त दिले ते घेतले नाहीत.

अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही बघितलं नसेल तर कुत्रं असो-नसो, जाऊन या. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे तिथे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. भूमिज शैलीचं मंदिर, बाहेरच्या भिंतीवर इंचभर जागा रिकामी नाही, आणि गाभारा पायऱ्या उतरून जमिनीखाली. आम्ही आळीपाळीने आत गेलो, कुत्री बाहेर झाडाखाली. फुलवाल्या आजींनी स्वतःहून पातेल्यात पाणी ओतलं. ‘दत्ताच्या पायाशी असतात, त्यांना तहानलेलं ठेवू नये,’ म्हणाल्या.

मंदिराच्या कडेने वालधुनी वाहते. साडेनऊशे वर्षांपूर्वी ज्याने ही जागा निवडली, त्याने नदी बघूनच निवडली असणार. आंघोळ करून, ओलेत्याने पाणी घेऊन देवाला घालायचं, हा त्यामागचा साधा हिशेब. आज तिथे उभं राहिलं की आधी रुमाल काढावा लागतो. रिक्षावाल्या दादांनी वाटेत सांगितलं होतं की ते लहानपणी इथेच पोहायला शिकले. वयाने ते पन्नाशीचे असतील. म्हणजे हे फार जुनं नाही.

घरी पोचायला दुपारचा एक वाजला. कडुनिंबाच्या साबणाने आंघोळी, कानांची तपासणी, पंज्यांना खोबरेल तेल. सुलतानच्या अंगावर तीन गोचिडी आणि शेपटीत एक कुसळ. चिंटू जवळपास दिवसभर उचलून नेलेला असूनही सगळ्यात आधी घोरायला लागला.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंतचे दिवस ऑक्टोबरपेक्षा सोपे, पण पाणी दर आठवड्याला कमी होत जातं आणि उन्हाळ्यात तिथे फक्त दगड उरतात. अंबरनाथ पूर्वेहून काकोळ्याला रिक्षा जाते, कुत्रं असेल तर आपली गाडी बरी. सकाळी उजाडताच सुरुवात, नऊच्या आत परत. काटई-कर्जत रस्ता लागला की मागे फिरा. त्याच्या पलीकडे कुत्र्याला नेऊ नका, पाण्याला पाय लावू देऊ नका. खालचा भाग बघायचाच असेल तर माणसांनी एकट्यांनी जावं. आम्ही पुढच्या रविवारी तसं जाणार आहोत, विठ्ठलवाडीपासून कल्याणच्या खाडीपर्यंत. बटाटाला शेजारच्या काकूंकडे ठेवणार. त्यांना तिच्या डब्याचं आणि औषधाचं सगळं लिहून दिलंय.